मुंबई हाय : तेलउत्पादनाचा वेग आणि साठ्याचे आरोग्य

स्वातंत्र्योत्तर भारताच्या खनिज तेलाच्या इतिहासात मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० कि.मी. अंतरावरील 'मुंबई हाय' (पूर्वीचे 'बॉम्बे हाय') या सागरी क्षेत्राचे स्थान अनन्यसाधारण आहे. त्याविषयीचे लेखन मात्र बहुधा शोधाच्या रोमहर्षक हकिकतीपाशीच थांबते. सापडलेले तेल कोणत्या वेगाने उपसले गेले, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न उपेक्षित राहतो.

१९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजाने केलेल्या भूकंपीय सर्वेक्षणातून येथील भूरचना उजेडात आली. फेब्रुवारी १९७४ मध्ये जपानमध्ये बांधलेल्या 'सागर सम्राट' या वेधन-नौकेला तेल लागले. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्राएल युद्धानंतर तेलाचे भाव सुमारे चौपट झाले होते. त्यामुळे अवघ्या सव्वादोन वर्षांत, २१ मे १९७६ रोजी, उत्पादन सुरू झाले. ही कामगिरी निःसंशय गौरवास्पद होय.

येथील तेल चुनखडकाच्या सूक्ष्म छिद्रांत दाबाखाली असते. उपसा होऊ लागला की दाब घटतो, तेलात विरघळलेला वायू सुटा होतो आणि बरेचसे तेल खडकातच अडकून पडते. दाब टिकविण्यासाठी साठ्यात पाणी सोडावे लागते. मुंबई हायमध्ये हे काम १९८४ मध्ये, म्हणजे उत्पादनारंभानंतर आठ वर्षांनी सुरू झाले. दरम्यान देशाचे वार्षिक तेलउत्पादन १९८०-८१ मधील सुमारे १.०५ कोटी टनांवरून १९८४-८५ मध्ये सुमारे २.९ कोटी टनांवर गेले. त्यात सिंहाचा वाटा मुंबईच्या समुद्राचा होता. याच काळात तेलाबरोबर निघणारा वायू वाहून नेण्याची सोय अपुरी असल्याने त्याचा मोठा भाग जाळून टाकला जात असे.

या घाईचा दोष केवळ अभियंत्यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. १९७९ ची दुसरी भाववाढ आणि आसाम आंदोलनामुळे खंडित झालेला तेलपुरवठा यांमुळे शासनापुढे पर्याय थोडेच होते. किंमत पुढे मोजावी लागली. १९८९-९० मध्ये ३.४ कोटी टनांवर पोहोचलेले राष्ट्रीय उत्पादन १९९२-९३ मध्ये सुमारे २.७ कोटी टनांवर घसरले. अन्य कारणे होतीच; परंतु मुंबई हायच्या साठ्याचा खालावलेला दाब हे त्यांतील प्रमुख होय. ही घसरण १९९१ च्या परकीय चलनसंकटाच्याच सुमारास यावी, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

२००० नंतर या क्षेत्राच्या पुनर्विकासाचे टप्पे हाती घेण्यात आले. जानेवारी २०२५ मध्ये तेल व नैसर्गिक वायू महामंडळाने उत्पादनवाढीसाठी 'बीपी' या ब्रिटिश कंपनीची तांत्रिक सेवा-पुरवठादार म्हणून निवड केली.