साच्याच्या आधीचा हात

दहा लाखांस एक या प्रमाणाचा गोव्याचा नकाशा घेतला, तर त्यावरची १ मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर १ किलोमीटर जागा व्यापते. अशा नकाशात उत्तरेची हद्द म्हणून तेरेखोल नदीची निळी रेघ ओढली की काम झाल्यासारखे वाटते, पण तेवढ्यात तेरेखोल गाव गोव्याबाहेर पडते. कारण ते नदीच्या उत्तर काठावर आहे. केरीहून फेरीबोटीने पलीकडे गेले की लागणारा किल्ला, त्याच्या पोटातले सेंट अँथनीचे चर्च आणि आसपासची वस्ती पेडणे तालुक्यातली आहे. जमिनीच्या बाजूने मात्र तिला लागून आहे तो सिंधुदुर्गातला रेडीकडचा मुलूख. सावंतवाडीकरांचा हा किल्ला १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला आणि त्यापायी हद्द नदी ओलांडून गेली. नकाशा काढणाऱ्याला हे ठाऊक असेल, तर तो बारीक टोकाची लेखणी घेऊन तेवढा तुकडा हाताने दाखवतो. ठाऊक नसेल तर नकाशा सुबक होतो आणि चुकतो. एखादी गोष्ट लहान करताना तिच्यातले काय गळते आणि गळलेले परत कोण आणते, हा प्रश्न प्लॅस्टिकच्या विमान-प्रतिकृतींच्या छंदात रोज समोर येतो. किटमधल्या भागांवर स्वतःच्या हाताने पट्टे, तारा, नळ्या, फासळ्या चढवण्याचे जे कसब आहे, त्याची ही कुळकथा.

सर्वसाधारण समज असा, की आधी कारखान्याचे किट आले, मग काही चिकित्सक मंडळींना ते अपुरे वाटले आणि त्यांनी त्यात हाताने भर घातली. म्हणजे हातकाम ही मागाहून केलेली सजावट. मला हा क्रम उलटा वाटतो, आणि त्याला तारखांचा आधार आहे. इंग्लंडात १९३२ मध्ये जेम्स हे स्टीव्हन्स यांनी आखलेले ‘स्कायबर्ड्स’ नावाचे संच बाजारात आले. १:७२ हे आज जगभर चालणारे प्रमाण त्यांच्यामुळे रुळले. ६ फुटांना १ इंच असा त्याचा हिशोब, म्हणजे सहा फुटी वैमानिक बरोबर इंचभर. त्या खोक्यात लाकडाचे ढोबळ घडलेले तुकडे आणि थोडे धातूचे भाग असत. कानस, पॉलिश पेपर आणि चाकू चालवल्याशिवाय त्यातून विमान निघत नसे. प्लॅस्टिकचे पहिले संच ‘फ्रॉग पेंग्विन’ नावाने १९३६ मध्ये आले. फ्रॉगची बाकीची विमाने उडणारी होती, ही न उडणारी, म्हणून पेंग्विन. ते प्लॅस्टिक सेल्युलोज अ‍ॅसिटेट जातीचे होते आणि काही वर्षांनी वाकडे होई. त्यामुळे लाकूड कोरणारे हात पुढेही चालूच राहिले. १९४२ मध्ये अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांकडून ५ लाख प्रतिकृती मागवल्या: ५० प्रकारची विमाने, प्रत्येकाचे १० हजार नग. आकाशातले विमान आपले की शत्रूचे हे ओळखण्याच्या शिक्षणासाठी त्या हव्या होत्या. प्रमाण तेच, १:७२. ३५ फुटांवर धरलेली अशी प्रतिकृती साधारण अर्ध्या मैलावरच्या विमानाएवढी दिसते. या प्रतिकृती काळ्या रंगाच्या होत्या आणि त्यांवर बारीक काम मुद्दाम नव्हते, कारण ओळख फक्त बाह्याकृतीची करायची होती. मला हा दाखला फार मोलाचा वाटतो. तपशील किती द्यायचा हे त्या काळी करणारा हात कामाच्या गरजेप्रमाणे ठरवत होता. ते ठरवण्याचा अधिकार पुढे काही काळ त्याच्याकडून गेला.

तो गेला पॉलिस्टायरीनच्या साच्यामुळे. एअरफिक्सने पन्नासच्या दशकात स्पिटफायरचे किट काढले आणि ते वूलवर्थच्या दुकानांत पिशवीतून २ शिलिंगांना विकले. सामान्य घरातल्या मुलाला विमान परवडू लागले, ही त्या साच्याची फार मोठी देणगी. पण साच्याची म्हणून एक अडचण असते. तो पोलादाचा, दोन अर्ध्यांचा. वितळलेले प्लॅस्टिक दाबाने आत जाते, गोठते आणि अर्धे सरळ उलट दिशांना उघडतात. उघडण्याच्या वाटेत आडवा येणारा आकडा किंवा आत वळलेली खाच त्यात करता येत नाही, केली तर भाग साच्यात अडकून बसेल. जाडीचेही तसेच. प्लॅस्टिक फार पातळ जागेत शिरायच्या आधीच गोठते, म्हणून किटमधल्या चाकाच्या झाकणाची कड मिलिमीटरभर जाड येते. १:७२ ने गुणले तर ७२ मिलिमीटर झाले. खऱ्या विमानाचा पत्रा मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा. म्हणजे ते झाकण किल्ल्याच्या दरवाजाच्या फळीसारखे दिसते. जुन्या किटांत कॉकपिट असे नसेच. दोन खुंट्यांवर एक वैमानिक बसवलेला असे आणि वर काच. साठच्या दशकात मॉडेलवाल्यांची नियतकालिके आणि संघटना उभ्या राहिल्या, १९७५ मध्ये हॅरी वुडमन यांनी केवळ प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यांतून विमान बांधण्यावर एक अख्खे पुस्तक लिहिले. या काळाला हातकामाचा जन्मकाळ म्हणतात. मी त्याला घरवापसी म्हणेन. लाकडाच्या काळात कारागिराकडे असलेले काम साच्याने मध्ये काही वर्षे अडवून ठेवले होते, ते त्याच्या हातात परत आले.

परत आलेले हे काम कसे असते, त्याचा एकच नमुना पाहू. किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटून येतात तिला स्प्रू म्हणतात आणि भाग काढून घेतले की ती फेकून देतात. तिचा बोटभर तुकडा दोन्ही टोकांना धरून मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर फिरवत राहायचे. ज्योतीला लावायचा नाही, लावला तर पेट घेतो. मधला भाग आधी चकाकतो, मग किंचित खाली झुकतो. त्या क्षणी ज्योतीपासून बाजूला घेऊन दोन्ही हात लांब करायचे. हळू ओढले तर जाड तार, झटक्यात ओढले तर केसासारखी. गारठेपर्यंत ताण सोडायचा नाही, म्हणजे ती सरळ राहते. हीच विमानाची एरियल, हीच ब्रेकची नळी. प्लॅस्टिक तेच, कारखाना तोच, पण साच्याला जी जाडी कधीही देता येणार नाही ती मेणबत्ती आणि दोन हात देतात. तारेची जाडी ठरवणारे माप कुठेही लिहिलेले नाही. ते ओढण्याच्या वेगात आहे आणि दहा-वीस तुकडे वाया गेल्यावर हाताला कळते.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की हा परदेशी छंद आहे, तेरेखोल-पेडण्याशी त्याचा काय संबंध? वंशाचा संबंध नाही, तसा दावा मी करत नाही. कारणाचा संबंध मात्र आहे. पेडणे, डिचोली आणि सिंधुदुर्गातल्या गणपतीच्या शाळांत चवथीच्या आधी जे चालते ते पाहावे. माती साच्यात दाबून बसवतात, अर्धे जुळवतात आणि साचा उघडतात. मग हात, कान, सोंडेची वळलेली बाजू यांसारखे साच्यात अडकतील असे भाग वेगळे करून पातळ मातीने जोडतात. मुकुटाची नक्षी आणि पीतांबराच्या चुण्या कोरणीने उठावदार करतात. शेवटी डोळ्यांची आखणी. मातीचा साचा आणि पोलादाचा साचा यांची अडचण एकच आहे, उघडण्याच्या दिशेआड काही येता कामा नये, आणि दोन्हीकडे त्यावरचा उपायही एकच निघाला. आणखी एक साम्य मला जास्त महत्त्वाचे वाटते. इथे घरोघरचे पाट आधीच शाळेत येतात आणि पुष्कळ घराण्यांचा गणपती दरवर्षी ठरावीक बैठकीचा, ठरावीक रंगाचा असतो. साचा सगळ्यांचा एक, पण पाटावर बसायचा तो अमक्या घरचा गणपती. सर्वांच्या मूर्तीतून त्या घरची मूर्ती वेगळी काढणे, हे काम हाताचे. शेजारच्या सावंतवाडीची चिताऱ्यांची लाकडी फळे आणि खेळणीही याच जातीची. पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडातून आकार काढून घेतला, तरी आंब्याचा आंबा होतो तो देठाशी आणि गालावर रंग चढवणाऱ्या कुंचल्याने.

विमानातही नेमके हेच घडते आणि त्याचा पुरावा गोव्यातच उभा आहे. दाभोळीजवळ नौदलाचे विमान-संग्रहालय १९९८ मध्ये उघडले. तिथे मोकळ्या आवारात ‘सी हॉक’ पाहायला मिळते. ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरचे हे लढाऊ विमान. डिसेंबर १९७१ मध्ये कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले याच विमानांनी केले, आणि १९८३ पासून त्यांची जागा सी हॅरियरने घेतली. सी हॉकच्या पंखांचा पसारा ३९ फूट, म्हणजे १:७२ मध्ये साडेसहा इंच. आता हे विमान विक्रांतच्या पोटात, पंख वर दुमडून उभे असलेले करायचे आहे असे धरा. किटमधला पंख पसरलेला असेल, तर बारीक दातांच्या करवतीने तो दुमडीच्या रेषेवर कापावा लागतो. कापलेल्या तोंडात प्लॅस्टिकच्या भिंती दिसतात, त्या आतून घासून पातळ करायच्या आणि पातळ पत्र्याच्या फासळ्या, बिजागऱ्या, ओढलेल्या स्प्रूच्या नळ्या आत बसवायच्या. शिवाय आपल्या नौदलाने साठच्या दशकात पश्चिम जर्मनीची वापरलेली २८ सी हॉक विमानेही घेतली होती, आणि जर्मनीसाठी बनलेल्या या विमानांचे उभे शेपूट ब्रिटिश विमानांपेक्षा उंच होते. त्यामुळे ‘भारतीय सी हॉक’ करायचे एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या क्रमांकाचे, कोणत्या सालचे, हे ठरवून त्याच विमानाचा फोटो समोर ठेवावा लागतो आणि शेपटाचे मापही त्यावरूनच घ्यावे लागते. साच्याने दिलेले असते ते सी हॉक नावाच्या जातीचे विमान. त्या जातीतले एक विमान हाताने करायचे असते.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. आता पितळी पत्र्यावर आम्लाने कोरलेले पट्टे, डायल, जाळ्या तयार मिळतात. चेक देशातली एडुअर्ड ही कंपनी १९८९ पासून या धंद्यात नावाजलेली आहे. त्रिमितीय छपाईने तर आत वळलेले भागही निघतात, म्हणजे साच्याची मूळ अडचणच उरली नाही. मग हातकामाची गरज संपली का? त्याचा एक भाग संपला, हे मोकळेपणाने मान्य करावे. आसनाच्या पट्ट्याचे बक्कल तांब्याच्या तारेतून वळण्यापेक्षा पितळी बक्कल रेखीव असते, आणि रेखीवपणाची स्पर्धा हात हरलाच आहे. पण हा तयार भाग बनतो तो खपणाऱ्या विमानासाठी. स्पिटफायरसाठी त्याचे ढीग मिळतात. पोटाखाली खाली-वर होणारा रडारचा घुमट आणि पंखांत फुगीर कोश असलेले आपले ‘आलिझे’ घ्या. फ्रान्स आणि भारत या दोनच नौदलांनी वापरलेल्या या विमानाचा ग्राहकच थोडा, तर तयार भागही थोडाच मिळणार. ज्याला बाजारात गिऱ्हाईक नाही त्याचा तपशील आजही हातालाच आणावा लागतो, आणि या किनाऱ्यावरून उडालेली बहुतेक विमाने त्याच यादीतली आहेत.

तिसरा आक्षेप, दिसत नाही ते कशाला करायचे? यात अर्धे तथ्य आहे. नखाएवढ्या कॉकपिटच्या मागच्या भिंतीवर बसवलेल्या आणि काच चिकटवल्यावर कायमच्या झाकल्या जाणाऱ्या तारा मलाही अनाठायी वाटतात. पण जाड कडेची गोष्ट वेगळी आहे. पाहणाऱ्याला झाकणाची जाडी मोजता येत नाही, त्याचे नावही ठाऊक नसते, तरी वस्तू खेळण्यासारखी वाटते की विमानासारखी, हे त्याची नजर त्या कडेच्या सावलीवरून ठरवते. म्हणून घासायची असेल तर आधी कड घासावी आणि मग कॉकपिटकडे वळावे. पेडण्यात २०२३ पासून मोपाहून विमाने उडताहेत, आणि तेरेखोलच्या तटावरून आता आकाशात विमान दिसणे नवलाचे राहिलेले नाही. ती पाहणाऱ्या कुणा मुलाच्या हाती उद्या किट आले, तर त्याला मोठ्या सामानाची गरज नाही. एक मेणबत्ती, बारीक पॉलिश पेपर, पातळ प्लॅस्टिकचा पत्रा आणि दाभोळीच्या त्या सी हॉकचे सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो एवढ्यावर सुरुवात होते. त्यातला पहिला फोटो शेपटाचा असावा.