परिचित शब्दांचा अपरिचित अर्थ

जुन्या इंग्रजी कादंबऱ्या दुर्बोध वाटतात त्या अपरिचित शब्दांमुळे, हा समज अर्धाच खरा आहे. अपरिचित शब्दापाशी वाचक थांबतो व कोश उघडतो. परिचित शब्दापाशी तो थांबतच नाही, आणि फसतो तो तेथेच. सी. एस. लुइस यांनी १९६० साली प्रसिद्ध केलेल्या ‘स्टडीज इन वर्ड्‌स’ या ग्रंथात शब्दाच्या आजच्या प्रबळ अर्थाला ‘धोकादायक’ म्हटले आहे, ते याच कारणास्तव.

‘कँडर’ हा शब्द घ्यावा. आज त्याचा अर्थ स्पष्टवक्तेपणा. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात मात्र त्याचा रोख मनाची निर्मळता व सौजन्य यांकडे आहे. जेन ऑस्टिनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) एलिझाबेथ थोरल्या बहिणीचा हा गुण वाखाणते, तो याच अर्थाने. प्रत्येकातील चांगले तेवढे पाहावे, वाईटाविषयी मौन बाळगावे, हा जेनचा स्वभाव. आजचा अर्थ घेतला की हे पात्र नेमके उलटे होते, आणि दोघी बहिणींच्या स्वभावांतील विरोधही नाहीसा होतो. ‘कॉन्डिसेन्शन’चे तसेच. वरिष्ठाने आपला दर्जा बाजूस ठेवून कनिष्ठाशी दाखविलेला जिव्हाळा हा तेव्हा गुणच होता. कॉलिन्स लेडी कॅथरिनच्या या गुणाचे गोडवे मनापासून गातो. उपहास आहे तो लेखिकेचा. ‘एमा’मध्ये एल्टन गाडीत नायिकेशी ‘लव्ह मेक’ करतो, म्हणजे केवळ तोंडी प्रणयनिवेदन करतो. (या स्थळी वर्गात हशा पिकतो, हे अध्यापकांस सांगावयास नको.)

मराठी वाचकास हा प्रकार नवखा नाही. धर्मशास्त्रात ‘साहस’ हा दंडनीय अपराध आहे. आज आपण त्याचे कौतुक करतो.

अशा अर्थांतरांची पद्धतशीर दखल घेण्याचे श्रेय रिचर्ड ट्रेंच यांना बरेचसे द्यावे लागते. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे १८५७ मध्ये त्यांनी तत्कालीन कोशांतील उणिवा मांडल्या. १८५९ मध्ये पूर्वी भिन्न अर्थाने वापरल्या जाणाऱ्या शब्दांचा स्वतंत्र संग्रहच काढला. त्या चळवळीतून निघालेल्या ऑक्सफर्ड कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये आला व १८२८ नव्हे, तर १९२८ मध्ये, म्हणजे ४४ वर्षांनी, तो पूर्ण झाला. अर्थाखाली कालानुक्रमे दिलेली अवतरणे हे त्याचे खरे सामर्थ्य. आपल्याकडील परीक्षोपयोगी टीपा मात्र केवळ कठीण शब्दांचे अर्थ देऊन थांबतात. हा दोष माझ्या मते गंभीर आहे.

खुद्द ऑस्टिनला शब्दांच्या या हालचालीची जाणीव होती. तिच्या मृत्यूनंतर १८१७ च्या डिसेंबरात निघालेल्या ‘नॉर्थँगर अ‍ॅबी’त हेन्री टिल्नी कॅथरिनच्या तोंडच्या ‘नाइस’ या शब्दाची थट्टा करतो : पूर्वी नीटनेटकेपणा वा नाजूक अभिरुची दर्शविणारा हा शब्द आता वाटेल त्या वस्तूस चिकटविला जातो, अशी त्याची तक्रार आहे.