पुनर्छायाचित्र, बालपणीचे

बालपणीच्या एखाद्या छायाचित्रातील माणसे मोठेपणी त्याच जागी, त्याच क्रमाने व त्याच आविर्भावात उभी करून घेतलेले नवे छायाचित्र. जुने आणि नवे शेजारी ठेवून पाहणे हाच त्याचा उपयोग. अर्जेंटिनाच्या छायाचित्रकार इरिना वर्निंग यांनी 2010च्या सुमारास सुरू केलेल्या ‘बॅक टू द फ्यूचर’ या मालिकेने हा प्रकार लोकप्रिय केला. अमेरिकेतील निकोलस निक्सन यांनी 1975पासून वर्षानुवर्षे टिपलेल्या चार ब्राउन बहिणी या प्रकारात बसत नाहीत; तिथे नक्कल नाही, फक्त हजेरी आहे.

आपल्याकडचे साठ-सत्तरच्या दशकांतील घरगुती फोटो पुष्कळदा अग्फा क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्याचे असतात : चौकोनी, एका रोलमध्ये बारा. मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून टिपल्यामुळे त्यांत मूल किंचित वरून दिसते. तोच कोन हवा असेल, तर नवा फोटो स्टुलावर चढून काढावा लागतो. सावलीसाठी महिना व वेळही जुळवावी लागते. शरीर मात्र जुळत नाही. जन्मतः डोके उंचीच्या सुमारे एक चतुर्थांश असते, प्रौढपणी सातवा-आठवा हिस्सा. खालचा जबडा आणि नाक पुढे येतात, डोळे त्या मानाने फारच थोडे वाढतात. म्हणून ओळख बहुधा डोळ्यांवरूनच पटते. नवा झबला-फ्रॉक शिवून घेणे ही हौस. त्याने गंमत वाढते, माहिती नाही.

माणूस बदलतो आणि मागची भिंत राहते, हे या प्रकारात गृहीत धरलेले असते. चंद्रपूर शहरात ते बऱ्यापैकी खरे ठरते : गोंडकालीन परकोटाचे जटपुरा, पठाणपुरा, बिनबा व अंचलेश्वर हे दरवाजे आजही उभे आहेत. त्याच जिल्ह्यातील ताडोबाच्या जंगलात शिरले की हिशेब उलटतो. ताडोबा 1955मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि 1995मध्ये अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प. पुढे बोटेझरी, नवेगाव (रामदेगी), जामणी ही गावे गाभा क्षेत्रातून बाहेर हलवण्यात आली. नवेगाव व जामणीच्या गावठाणांवर आणि शेतांवर आता कुरणे आहेत, तिथे चितळ चरतात व पर्यटकांच्या जिप्सी वाघाची वाट पाहतात. तिथल्या अंगणात काढलेला फोटो पुन्हा काढायचा, तर अंगणच नाही, आणि तिथे पायी उतरायला वनविभागाची परवानगी लागते. अशा जोडीत माणसापेक्षा पार्श्वभूमीच अधिक सांगते.

कधी सोबतीच उरत नाही. गडचिरोलीला लागून असलेल्या नारायणपूर (छत्तीसगड) भागातील गढबेंगालचा मुरिया मुलगा चेंदरू स्वीडनच्या आर्ने सुक्सडॉर्फ यांच्या 1957च्या चित्रपटामुळे वाघाबरोबर जगभर पोचला. 2013मध्ये तो वृद्धापकाळी वारला. वाघ अर्थातच कधीच गेला होता. गडचिरोलीतील हेमलकशाचे उदाहरण याच्या उलट : डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांची मुले लोकबिरादरी प्रकल्पाच्या (स्थापना 1973) आवारात अनाथ वन्यप्राण्यांसोबत वाढली, आणि दिगंत व अनिकेत आमटे मोठेपणी तिथेच कामाला लागले. जागा तीच, प्राणीही आहेत. बदल निव्वळ माणसांत वाचता येतो.

त्याच भागातील भामरागड, एटापल्लीकडच्या माडिया आदिवासी घरांत मागच्या पिढीचे कौटुंबिक अल्बम क्वचितच सापडतात. बाहेरून आलेल्या अभ्यासकांच्या फोटोंत पोरे असतात, नावे नसतात. अनेकांचा बालपणीचा एकमेव फोटो म्हणजे आश्रमशाळेतला वर्गाचा ग्रुप फोटो. हेमलकशाची आश्रमशाळा 1976ची. ओळीत बसलेली ती मुले आज वेगवेगळ्या गावांत विखुरलेली, काही हयात नाहीत. रिकामी जागा तशीच सोडावी की सरकून बसावे, हे फोटो काढणाऱ्यांनी आधी ठरवलेले बरे. सोडावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत. कोण कुठे बसला होता हे आठवणीवर सोपवू नये, कारण चाळीस वर्षांनी दोघे जण एकाच चेहऱ्यावर हक्क सांगतात. अशा वेळी शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर कामी येते : त्यात नाव, गाव आणि जन्मतारीख असते, मग ती गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली का असेना.