शाळा आणि कामाच्या मधला साकव

मुलगी बारावी पास झाली, पेढे वाटले. वर्षभरानं बघावं तर ती घरीच. शिक्षण झालं, पण काम काही मिळालं नाही. आपल्या प्रत्येक गटात अशी एखादी आई असतेच. म्हणून आज आम्ही तुम्हाला शंभर वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगणार आहोत.

ही गोष्ट रमाबाई रानडे यांची. त्यांचा जन्म १८६२ चा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. अकराव्या वर्षी लग्न झालं, तेव्हा त्यांना लिहितावाचता येत नव्हतं. पती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे शिकवायला लागले, तर घरातल्याच बायका टोमणे मारायच्या. रमाबाई तरीही शिकल्या. १९०१ मध्ये न्यायमूर्ती गेले. पुढे १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं आणि रमाबाई त्याचा आधार झाल्या.

तोवर पुण्यात मुलींच्या शाळा नव्या नव्हत्या. सावित्रीबाई आणि जोतिराव फुल्यांनी १८४८ मध्येच शाळा काढली होती. १८८४ मध्ये हुजूरपागा सुरू झाली. पण शाळा आणि कमाई यांच्यामध्ये एक ओढा होता. तो ओलांडायला साकव नव्हता. विधवा बाईला दोन अक्षरं आली, तरी दोन घास दुसऱ्याच्याच हातचे खावे लागत.

सेवासदननं हा साकव बांधला. घरकाम उरकून येता यावं म्हणून लग्न झालेल्या बायकांसाठी दुपारचे वर्ग ठेवले. शिवण शिकवलं, शिक्षिका तयार केल्या. बाहेरगावच्या बायकांसाठी वसतिगृह काढलं. आणि सगळ्यात अवघड काम म्हणजे ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला बायका पाठवल्या. त्या काळी हे काम हलकं समजत. परक्याच्या अंगाला हात लावायचा, जातपात बघायची नाही, रात्रपाळी करायची. कोणतं घर सहज हो म्हणेल? पण रमाबाईंसारखी मान असलेली बाई पाठीशी उभी राहिली, राहायची नीट सोय झाली, तेव्हा घरच्यांचा विश्वास बसू लागला.

आम्हाला यातून एक गोष्ट कळते. नुसत्या वर्गातल्या धड्यांनी मुलगी कामाला लागत नाही. जमेल अशी वेळ, राहायला सुरक्षित जागा, हाताला कसब आणि घरच्यांचा होकार, या चार फळ्या लागतात. एक जरी निसटली, तरी मुलगी अलीकडेच राहते. आणि मग आपण म्हणतो, तिलाच हौस नव्हती.

आज आयटीआय आहे, नर्सिंगचे कोर्स आहेत. तरी एसटीची वेळ जुळत नाही, वसतिगृहात जागा मिळत नाही, म्हणून किती मुली मागं राहतात! पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की अजून एक वही उघडू या. गावातल्या बारावी झालेल्या मुलींची नावं लिहू या, आणि प्रत्येकीच्या नावापुढं लिहू या, तिची कोणती फळी निसटली आहे. एखादी फळी तरी आपला गट नक्की बसवू शकेल.