आयनीकारक प्रारण आणि कर्करोग

अणूतून इलेक्ट्रॉन उखडून काढण्याइतकी ऊर्जा ज्या प्रारणात असते, ते आयनीकारक प्रारण. क्ष-किरण, गॅमा किरण, आल्फा व बीटा कण ही त्याची उदाहरणे. मोबाइल टॉवरच्या लहरींत एवढी ऊर्जा नसते.

हे प्रारण पेशीतील डीएनएवर थेट आघात करते, किंवा पाण्याचे रेणू फोडून त्यांतून निघालेल्या हायड्रॉक्सिल मूलकांकरवी त्याला इजा करते. डीएनएचा एकच धागा तुटला, तर समोरचा धागा पाहून तो बहुधा बिनचूक सांधला जातो. दोन्ही धागे जवळजवळ एकाच जागी तुटले की पेशी हाताशी येतील ती टोके जोडते. कधी मधला तुकडा गळतो, कधी एका जनुकाचा भाग भलत्याच जनुकाला चिकटतो. 1986 च्या चेर्नोबिल अपघातानंतर थायरॉइडचा कर्करोग झालेल्या अनेक मुलांच्या गाठींत ‘रेट’ हे जनुक असेच दुसऱ्या जनुकाला जुळलेले आढळले. त्यामुळे पेशीला वाढीचा हुकूम सतत मिळत राहतो. फार बिघडलेली पेशी मरून जाते. घातक ठरते ती बिघाड घेऊन जगणारी. मात्र कर्करोग होण्यासाठी असे आणखी बिघाड साचावे लागतात. हिरोशिमा-नागासाकीत अणुबॉम्बनंतर रक्ताचा कर्करोग काही वर्षांतच वाढला, पण स्तन-फुप्फुसांचे कर्करोग वाढलेले दिसायला दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ गेला.

आता आपल्या भागातल्या प्रारणाकडे पाहू. धाराशिव जिल्ह्यातील मुरुम हे गाव दख्खनच्या बेसाल्टवर वसले आहे. या खडकात युरेनियम-थोरियम कमी असल्याने तिथले नैसर्गिक प्रारण केरळच्या मोनाझाइट वाळूच्या किनाऱ्यापेक्षा बरेच कमी असते. याच जिल्ह्यातील परंडा व भूम हे तालुके 1987 मध्ये सुरू झालेल्या बार्शीच्या कर्करोग नोंदणीत येतात. ही देशातील पहिली ग्रामीण नोंदणी. तिच्यात स्त्रियांमध्ये दीर्घकाळ पहिला राहिला तो गर्भाशयमुखाचा कर्करोग, आणि त्याचे मूळ एचपीव्ही विषाणूत आहे. प्रारणाची भीती बाळगणाऱ्या घरात कर्करोगाला कारण ठरणाऱ्या तंबाखूचा डबा उघडा असेल, तर भीतीची जागा चुकली आहे.

छातीच्या एका एक्स-रेतून 0.1 मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी मात्रा मिळते, पोटाच्या सीटी स्कॅनमधून साधारण 5 ते 10. निसर्गातून मिळणारी जागतिक सरासरी वर्षाला साधारण 2.4 मानली जात आली आहे. कर्करोगावर ‘लाइट’ देतात तेव्हा हेच प्रारण गाठीच्या पेशी मारते. पुढे नवा कर्करोग होण्याचा थोडा धोका त्यात असतो, पण उपचाराचा लाभ त्याहून कितीतरी मोठा. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी किंवा उपचार भीतीपोटी टाळू नयेत. त्यासाठी सोलापूर, लातूर किंवा बार्शीला जाताना जुन्या फिल्म व रिपोर्ट सोबत न्यावेत, म्हणजे तोच सीटी विनाकारण पुन्हा काढावा लागत नाही. आणि गर्भवतीने एक्स-रेच्या खोलीत शिरण्याआधीच तसे सांगावे.