छायाचित्राचा अर्थ कोणी सांगायचा? : लखनौच्या सिकंदरबागेतील एका चित्राच्या निमित्ताने

छायाचित्रकाराने आपल्या चित्राचा अर्थ स्वतः सांगावा, की चित्र पाहणाऱ्यांपुढे ठेवून गप्प बसावे? हा प्रश्न बहुधा कलेच्या वर्गात विचारला जातो. या टिपणात आपण तो इतिहासाच्या अंगाने तपासू. त्यासाठी भारतात काढलेले, जगभर छापले गेलेले आणि आजही वादाचा विषय असलेले एकच छायाचित्र घेऊ. चित्र १८५८ सालचे आहे, स्थळ लखनौ.

१. स्थळ आणि घटना

तुम्ही कधी लखनौला विमानाने आलात तर अमौसीला उतराल. कानपूर रस्त्यावरचे हे गाव आता शहरातच मिसळले आहे. इथून मेट्रो पकडली की आलमबाग, चारबाग अशी स्थानके घेत गाडी हजरतगंजला पोचते. तिथून थोड्याच अंतरावर सिकंदरबाग आहे. अवधचे अखेरचे नवाब वाजिद अली शाह यांनी ही बाग आपल्या सिकंदर महल या बेगमेसाठी बांधली. भोवती उंच तटबंदी आणि मध्ये मंडप अशी तिची रचना होती. आज प्रवेशद्वार, तटाचा थोडा भाग आणि मशीद शिल्लक आहे. शेजारीच राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेचे आवार आहे.

१८५६ मध्ये कंपनी सरकारने अवध खालसा केले. पुढच्याच वर्षी उठाव झाला आणि लखनौच्या रेसिडेन्सीत अडकलेल्या इंग्रजांना वेढा पडला. सप्टेंबर १८५७ मध्ये हॅवलॉक आणि औट्राम यांची फौज आत पोचली, पण तीही आतच अडकली. नोव्हेंबरमध्ये सर कॉलिन कॅम्पबेल दुसरी फौज घेऊन आले. आलमबागेहून शहराला पूर्वेकडून वळसा घालत ते निघाले आणि १६ नोव्हेंबर १८५७ रोजी सिकंदरबागेवर हल्ला झाला. हल्ला करणाऱ्यांत ९३ वी हायलँडर पलटण आणि ४ थी पंजाब पायदळ पलटण होती, म्हणजे हिंदी शिपाई दोन्ही बाजूंना होते. तटाला भगदाड पडले. आतल्या शिपायांना बाहेर पडायला वाट उरली नाही. ब्रिटिश वृत्तांतांनुसार सुमारे २,००० जण तिथे मारले गेले. लखनौ पुरते इंग्रजांच्या हाती आले ते त्यानंतर चार महिन्यांनी, मार्च १८५८ मध्ये.

२. चित्र

फेलिचे बेआतो हा छायाचित्रकार १८५८ च्या सुरुवातीला कलकत्त्यात उतरला. त्याआधी त्याने जेम्स रॉबर्टसनबरोबर क्रिमियाच्या युद्धाची छायाचित्रे काढली होती. लखनौ पडल्यानंतर तो तिथे आला आणि पडझड झालेल्या इमारतींची चित्रे घेऊ लागला. त्यातलेच एक चित्र सिकंदरबागेच्या आतल्या मंडपाचे आहे. मागे गोळ्यांनी फोडलेला दर्शनी भाग दिसतो. तिथे काही हिंदी माणसे आणि एक घोडा स्थिर उभे आहेत. पुढे अंगणभर माणसांची हाडे आणि कवट्या विखुरल्या आहेत.

या चित्राबरोबर एक लांबलचक इंग्रजी शीर्षक चालत आले आहे. त्याचा आशय असा : ९३ व्या हायलँडर आणि ४ थ्या पंजाब पलटणीने २,००० बंडखोरांची कत्तल केल्यानंतरचा सिकंदरबागेचा आतील भाग, सर कॉलिन कॅम्पबेल यांचा पहिला हल्ला, नोव्हेंबर १८५७.

स्थळ, पलटणींची नावे, मृतांची संख्या, महिना आणि साल हे सारे शीर्षकात आहे. वरवर पाहता यापेक्षा जास्त माहिती कोणी मागणार नाही. पण आता शीर्षकातला ‘नंतरचा’ हा शब्द पाहा. ‘नंतर’ म्हणजे किती नंतर? वाचणाऱ्याला वाटते, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. प्रत्यक्षात चित्र काढले गेले ते किमान चार महिन्यांनी.

मग ती हाडे तिथे कशी आली? इथे दोन ब्रिटिश साक्षीदार एकमेकांना छेद देतात. जॉर्ज कॅम्पबेल हे त्या काळी अवधमध्ये काम केलेले मुलकी अधिकारी. त्यांच्या १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींनुसार प्रेते झाकून टाकलेली होती. छायाचित्रकाराने हट्टाने ती उघडी करायला लावली, चित्र घेतले आणि मग त्यांची विल्हेवाट लागली. तोफखान्यातले अधिकारी एफ. सी. मॉड यांच्या १८९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणी वेगळे सांगतात : आपण पाहिले तेव्हा प्रेते नीट पुरली जात होती, त्यामुळे ती पुढे कुत्र्यांनी उकरली असावीत.

दोघांपैकी खरे कोण? चित्राकडे कितीही निरखून पाहिले तरी याचे उत्तर मिळत नाही. एवढे मात्र म्हणता येते की दोन्ही वृत्तांत खोटे ठरल्याशिवाय ‘प्रेते पडली तशीच राहिली’ हे मानता येत नाही. बेआतो १८६० मध्ये चीनमध्ये कसा वागला, हेही लक्षात घ्यायला हवे. ताकूच्या किल्ल्यावर सैन्यातले डॉक्टर डेव्हिड रेनी यांनी त्याला काम करताना पाहिले होते. मृतदेहांची मांडणी त्याला देखणी वाटत होती आणि चित्र निघेपर्यंत ते कोणी हलवू नयेत अशी विनवणी तो करत होता, असे रेनी लिहितात. यावरून लखनौचे काही सिद्ध होत नाही, पण आपला संशय बळावतो.

३. तीन वेगळ्या गोष्टी

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ‘छायाचित्रकाराने चित्र समजावून सांगावे का?’ या एका प्रश्नात तीन प्रश्न गुंतलेले आहेत.

पहिला प्रश्न नोंदीचा : कोण, कुठे, केव्हा. दुसरा घडणीचा : चित्र कसे झाले, काय हलवले, काय मांडले, चौकटीबाहेर काय राहिले. तिसरा अर्थाचा : हे पाहून काय समजावे, कोणाची बाजू घ्यावी.

तुमची प्रयोगवही आठवा. निरीक्षणे एका तक्त्यात येतात, उपकरणांची मांडणी आणि कृती वेगळी लिहिली जाते आणि निष्कर्ष शेवटी येतो. कृती न लिहिता नुसता निष्कर्ष लिहिला तर परीक्षक वही परत करतात, कारण तो निष्कर्ष दुसऱ्या कोणाला तपासता येत नाही. निष्कर्ष चुकला तरी कृती आणि निरीक्षणे प्रामाणिक असतील तर वही उपयोगाची राहते.

या कसोटीवर सिकंदरबागेचे शीर्षक लावून पाहा. नोंद आहे, पण ती घटनेची. चित्राची तारीख नाही. घडणीबद्दल एक अक्षर नाही. अर्थ मात्र ‘बंडखोर’ या एका शब्दात ठासून भरला आहे. तेच लोक दुसऱ्या कोणाच्या लेखी आपल्या राज्यासाठी लढणारे शिपाई होते. म्हणजे जे सांगायला हवे होते ते राहून गेले आणि पाहणाऱ्यावर सोपवायचे ते आधीच ठरवून टाकले गेले. या चित्रांचे गिऱ्हाईक मुख्यतः ब्रिटिश अधिकारी आणि इंग्लंडमधले लोक होते हे ध्यानात घेतले की हे का झाले ते कळते. बेआतोच्या १८५८ च्या चित्रांत ब्रिटिश सैनिकांची प्रेते दिसत नाहीत, हेही त्याच हिशेबातले. हॅवलॉकची कबर आलमबागेत नावानिशी आहे. सिकंदरबागेच्या अंगणातल्या हाडांना नाव नाही. ती कोणाचे वडील, कोणाचे भाऊ होते हे शीर्षक सांगत नाही, आणि आता कोणी सांगूही शकत नाही.

आणखी एक गोष्ट चित्रात नाही. सिकंदरबागेत एका झाडावरून गोळ्या झाडणाऱ्या स्त्रीचा उल्लेख ९३ व्या पलटणीतल्या विल्यम फोर्ब्स-मिचेलने आपल्या आठवणींत केला आहे. लखनौच्या लोकस्मृतीत ती वीरांगना ऊदादेवी म्हणून ओळखली जाते. पासी समाज दर वर्षी १६ नोव्हेंबरला तिला मानवंदना देतो. सिकंदरबागेजवळ तिचा पुतळा उभा आहे. ज्या जागेचा अर्थ १८५८ मध्ये ‘बंडखोरांचा शेवट’ असा सांगितला गेला, त्याच जागेचा अर्थ लोकांनी पुढे स्वतः ठरवला.

४. स्थानिक माणसाने सांगितले तर?

तुम्ही म्हणाल, बेआतो परका होता. इथल्याच माणसाने कॅमेरा धरला असता तर अर्थ बदलला असता. तेही पाहू. दरोगा अब्बास अली हे लखनौच्या नगरपालिकेत अभियंता होते. म्हणजे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनो, हे तुमच्याच व्यवसायातले पूर्वज! १८७४ मध्ये त्यांनी ‘द लखनौ अल्बम’ प्रसिद्ध केला. त्यात शहराची ५० छायाचित्रे, सोबत वर्णने आणि एक मोठा नकाशा आहे. छायाचित्रकाराने स्वतः सविस्तर समजावून सांगितलेला हा ग्रंथ. पण तो इंग्रजीत आहे, इंग्रज प्रवाशांना नजरेसमोर ठेवून लिहिलेला आहे आणि वेढ्याची स्थळे तो ब्रिटिशांच्या बाजूने सांगतो. सत्ता ज्यांच्या हाती आणि पुस्तक विकत घेणारेही तेच, तेव्हा स्थानिक माणूससुद्धा त्यांचीच भाषा बोलतो. म्हणून ‘अर्थ चित्रकारालाच ठाऊक’ हे गृहीत धरून चालणार नाही. त्याने सांगितलेला अर्थ हाही एक पुरावाच, आणि पुरावा तपासायचा असतो.

५. ‘काहीच सांगू नये’ या मताचे काय?

दुसरे टोक असे की चित्र बोलत असताना छायाचित्रकाराने मध्ये बोलू नये. या मतात तथ्य आहे. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये विषारी वायूने मेलेल्या एका बालकाचे दफन होत असतानाचे चित्र तुम्ही पाहिले असेल. रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही ते टिपले. ते पाहून दुःख करा, असे सांगण्याची गरज नाही. सांगितले तर चित्र दुबळे होईल. पण ‘भोपाळ, डिसेंबर १९८४’ एवढी फोटोओळ काढून टाका. मग उरते एक मेलेले मूल. कारखाना, सुरक्षेतली हयगय, जबाबदारी हे सारे पुसले जाते. ओळ आहे तर प्रश्न विचारता येतो : हे कोणामुळे झाले? त्या बालकाची ओळख आजवर पटलेली नाही. नोंदीची किंमत किती असते ते इथे कळते.

आणि जे सांगायचे राहते ते शोधायला पुढे किती खटाटोप करावा लागतो पाहा. रॉजर फेंटनने १८५५ मध्ये क्रिमियातल्या एका दरीची दोन चित्रे घेतली. एकात तोफगोळे रस्त्यावर आहेत, दुसऱ्यात नाहीत. आधीचे कोणते? यावर वाद चालला. २००७ मध्ये एरॉल मॉरिस यांच्या शोधात उतारावरच्या लहान दगडांची जागा दोन्ही चित्रांत ताडून पाहिली गेली. रस्त्यावर गोळे असलेल्या चित्रात ते दगड खाली सरकलेले निघाले. म्हणजे ते चित्र नंतरचे. फेंटनने एक ओळ लिहून ठेवली असती तर हे काम वाचले असते.

६. शब्दांनाही तीच कसोटी

बेआतो लखनौत चित्रे घेत होता त्याच सुमारास, १८५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये, वरसईचे विष्णुभट गोडसे झांशीच्या वेढ्यात अडकले होते. त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता. त्यांनी पाहिले ते पुढे ‘माझा प्रवास’मध्ये लिहिले. ते पुस्तक लेखकाच्या निधनानंतर, १९०७ मध्ये, चिंतामण विनायक वैद्य यांनी फेरफार करून छापले. मूळ हस्तलिखिताला धरून असलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली, तेव्हा मूळ किती आणि संपादकाचे किती हे वाचकाला पाहता आले. मूळ जपले होते म्हणून हे शक्य झाले. शब्दांच्या साक्षीतही नोंद, घडण आणि अर्थ वेगळे ठेवावे लागतात, ते असे.

७. निष्कर्ष

छायाचित्रकाराने अर्थ सांगितला तर सांगू द्यावा, पण त्याची सक्ती नको आणि तो शेवटचा शब्दही मानू नये. चित्र एखाद्या घटनेची साक्ष म्हणून पुढे ठेवले असेल, तर नोंद आणि घडण सांगणे मात्र त्याचे कर्तव्य आहे. चित्रात दिसणारी माणसे मेलेली, गरीब किंवा बोलू न शकणारी असतील तर हे कर्तव्य आणखी वाढते, कारण त्यांच्या वतीने चूक दुरुस्त करायला दुसरे कोणी येणार नसते.

तुमच्या मोबाइलमधून रोज चित्रे पुढे जातात. पूर, अपघात, मोर्चा, मारहाण यांचे चित्र पुढे पाठवताना तुम्हीही नकळत शीर्षक देता. तेव्हा आधी तारीख आणि ठिकाण लिहा. ठाऊक नसेल तर तसे लिहा. मत द्यायचे असेल तर ते वेगळ्या ओळीत द्या.

स्वाध्याय

१. सिकंदरबागेच्या चित्रासाठी नोंद, घडण आणि अर्थ वेगळे ठेवून नवी फोटोओळ लिहा. कॅम्पबेल आणि मॉड यांच्यातील मतभेद तिच्यात कसा मांडाल?

२. तुमच्या घरातले एक जुने छायाचित्र घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्यामागे तारीख, ठिकाण आणि माणसांची नावे लिहा. जे समजले नाही त्यासाठी जागा मोकळी ठेवा.

३. आजच्या वर्तमानपत्रातली कोणतीही फोटोओळ घ्या. तिच्यातला कोणता शब्द नोंद करतो आणि कोणता निकाल देतो, ते अधोरेखित करा.