कर्ज काढलं कोणी, फेडायचं कोणी?

आपल्या हिंजवडी-माणवरून मुळा खाली वाकडला जाते. तिथून सांगवीपर्यंत पिंपरी-चिंचवड महापालिकेचा नदीकाठ सुधार प्रकल्प आहे. २०२५ मध्ये पिंपळे निलखचे रहिवासी झाडं वाचवायला रस्त्यावर उतरले, ते याच कामाविरुद्ध. झाडांची चर्चा झाली, ती व्हायलाच हवी. पण मला पैशाबद्दल बोलायचंय.

या नदीसाठी महापालिकेने २०२३ मध्ये २०० कोटींचे कर्जरोखे काढले. रोखे नवे नाहीत. अहमदाबादने १९९८ मध्ये १०० कोटींचे काढले, पाणी आणि ड्रेनेजसाठी. पुण्याने २०१७ मध्ये २०० कोटींचे काढले, चोवीस तास पाण्यासाठी. दोन्हीकडे तेव्हा निवडून आलेले नगरसेवक होते. लोक त्यांना जाब विचारू शकत होते.

आपल्या शेजारी काय झालं? मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली, निवडणूक झाली नाही, प्रशासक बसले. रोखे त्याच काळात निघाले. रोखे म्हणजे अनुदान नव्हे. व्याजासकट फेड महापालिकेच्या उत्पन्नातून, म्हणजे घरपट्टी भरणाऱ्यांच्याही खिशातून.

म्हणून विरोध करणाऱ्यांना विकासविरोधी म्हणू नका. आधी सांडपाणी अडवा, मग काठ सजवा, एवढंच ते म्हणतात.

हिंजवडी अजून ग्रामपंचायतीतच आहे, पण महापालिकेत जायची मागणी जोरात आहे. रस्ते-पाण्याबरोबर कर्जाचा हिशोबही मागा. तोही आपल्याच वाट्याला येणार आहे.